जेट टब चालू केला की काळे पापुद्रे येतात, बोअरचं पाणी आहे. आतल्या नळ्या कशा साफ करायच्या?

विश्रामबागकर:
सांगलीत बंगल्यात ॲक्रिलिकचा जेट टब आहे. साडेपाच फुटी, बाजूला सहा जेट, एक एचपीची मोटर, वर हवेचे दोन नॉब. भरल्यावर साधारण २०० लिटर पाणी बसतं. वापर आठवड्यातून एखाद-दोन वेळा. टब बाहेरून चकाचक आहे, पण मोटर चालू केली की पहिल्या मिनिटभरात जेटमधून काळे-तपकिरी पापुद्रे बाहेर येतात आणि कुबट वास सुटतो. जेटच्या कडांना पांढरा थर धरलाय, दोन जेट हाताने फिरत नाहीत.

पाणी दोन प्रकारचं आहे, बोअरचं आणि कार्पोरेशनचं. गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे आणि त्यालाही बोअरच जोडलंय. प्लंबर म्हणतो ॲसिड ओतून मोटर फिरवा, एका दमात सगळं निघेल. नेटवर कुणी व्हिनेगर सांगतं, कुणी ब्लीच, कुणी भांड्यांच्या मशीनची पावडर. नक्की काय, किती आणि कोणत्या क्रमाने? टीसीएल पावडर (पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर) घरात पडून आहे, ती चालेल का?

पंपवाला_मिरज:
आधी ॲसिडचं. फरशी धुवायचं ॲसिड असो की संडासाचं क्लीनर, दोन्हीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते जेटच्या रिंगांवरचं क्रोम उडवतं, मोटरच्या सीलमधली स्टीलची स्प्रिंग खातं आणि टबाला इनलाइन हीटर असेल तर त्याच्या एलिमेंटची वाट लावतं. क्षार निघतील, पण सोबत मोटरही निघेल. प्लंबरला सांगा, नको.

आता ते पापुद्रे नेमके कशाचे आहेत ते बघा, म्हणजे अंदाजावर काम होणार नाही. एका जेटसमोर पांढऱ्या मलमलचा तुकडा धरा, मोटर अर्धा मिनिट चालवा. कापडावर आलेला पापुद्रा दोन बोटांत चोळा. बुळबुळीत लागून तपकिरी डाग पडला तर तो साबण, अंगाचं तेल आणि जिवाणूंचा थर. खरखरीत लागला आणि लिंबाचा थेंब टाकल्यावर फसफसला तर क्षार. ताणला जातोय, बोटाला काजळीसारखा काळा रंग लागतोय, तर ते रबर आहे, म्हणजे एखादं गॅस्केट नाहीतर ओ-रिंग कुजलीये. रबर असेल तर कितीही धुतलं तरी पापुद्रे थांबणार नाहीत, पार्ट बदलावाच लागेल.

बोअरच्या पाण्यावर बहुतेक वेळा पहिले दोन्ही एकत्र सापडतात. क्षाराच्या खडबडीत थरावर बुळबुळ चांगली धरून बसते.

कृष्णाकाठचा_केमिस्ट:
क्रमाबद्दल सविस्तर लिहितो, कारण घोळ तिथेच होतो. तीन वेगळी कामं आहेत: तेलकट थर सोडवणं, क्षार विरघळवणं, जंतू मारणं. प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि प्रत्येकाला टबभर वेगळं पाणी. एकाच पाण्यात सगळं ओतून वेळ वाचवायला जाऊ नका.

ब्लीच आणि कोणतंही आम्ल, म्हणजे व्हिनेगर, सायट्रिक, लिंबू, संडासाचं क्लीनर, एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने टबातच तळाशी साचतो, आणि वाकून घासणाऱ्याचं तोंड नेमकं तिथेच असतं. नळ्यांत मागचं पाणी थोडंफार राहतंच, म्हणून मधे नुसत्या साध्या पाण्याची एक पूर्ण फेरी हवीच हवी. कधी नाकाला झोंबलं तर टबावर न वाकता बाहेर पडा, एक्झॉस्ट चालू ठेवा, खिडकी उघडी टाका.

दुसरं, नेटवर हमखास सापडणारी कृती म्हणजे भांड्यांच्या मशीनची पावडर दोन चमचे आणि ब्लीच अर्धा कप, एकाच पाण्यात. आजच्या बऱ्याच पावडरींमध्ये सोडियम परकार्बोनेट आणि एन्झाइम असतात. परकार्बोनेटमधून पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ते आणि ब्लीचमधलं हायपोक्लोराइट एकमेकांना संपवतात, बुडबुडे येतात आणि दोन्ही वाया जातात. एन्झाइमही ब्लीचने मरतात. पाकिटावर परकार्बोनेट किंवा एन्झाइम लिहिलेलं असेल तर पावडरची फेरी वेगळी आणि ब्लीचची वेगळी.

पहिली फेरी, तेलकट थर. टब गरम पाण्याने भरा, सगळ्यात वरच्या जेटच्या चार बोटं वर पाणी हवं. जेट उघडा राहिला तर पाण्याची पिचकारी थेट छतावर जाते, आणि पाणी सक्शनच्या, म्हणजे मोटर टबातलं पाणी ओढते त्या भोकाच्या, खाली गेलं तर मोटर कोरडी फिरून सील जळतं. पाणी ४५ अंशांच्या आसपास, हात घालून सोसवेल इतपत. त्याहून कडक नको, गरम पाण्याने नरम पाईप मऊ पडतात. हवेचे नॉब पूर्ण बंद. हवा गेली नाही की फेस होत नाही आणि पाण्याचा सगळा जोर नळ्यांतच राहतो. भांड्यांच्या मशीनची पावडर नेहमीच्या सफाईला दोन लहान चमचे पुरते, पण तुमचं काम तुंबलेलं आहे, म्हणून दोन मोठे चमचे, साधारण ३० ग्रॅम. मगमध्ये विरघळवून मगच ओता, कोरडी पावडर सक्शनच्या जाळीवर बसते. मोटर १५ मिनिटं. पाणी काळं होईल, ते व्हायलाच हवं. बंद करून पाच मिनिटं थांबा, पुन्हा पाच मिनिटं फिरवा, सोडून द्या.

हाताने भांडी घासायचं लिक्विड किंवा कपड्याची साधी पावडर वापरू नका. जेटच्या जोराने बाथरूमभर फेस होईल आणि तो पाच वेळा धुतला तरी नळ्यांतून येत राहील.

धुण्याचा सोडाही इथे अडचणीचा. बोअरच्या जड पाण्यात तो टाकला की पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतो. म्हणजे क्षार काढायला निघालो आणि नवीन क्षार घालून आलो. मशीनच्या पावडरीत क्षार धरून ठेवणारे घटक असतात, म्हणून ती.

कृष्णाकाठचा_केमिस्ट:
(मागच्या प्रतिसादाचा उरलेला भाग.)

दुसरी फेरी, साधं पाणी, दहा मिनिटं, सोडून द्या.

तिसरी फेरी, क्षार. इथे पाणी कोणतं भरताय याला महत्त्व आहे. बोअरच्या पाण्याची अल्कता (आम्ल मारून टाकणारा क्षारपणा) लिटरला ४०० मिलिग्रॅम धरली (कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात तेवढी असू शकते) तर २०० लिटरमध्ये ८० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या तोडीचा क्षारपणा झाला. एका ग्रॅमला साधारण १.४ ग्रॅम दाणेदार सायट्रिक ॲसिड लागतं. म्हणजे पहिले शंभरेक ग्रॅम फक्त पाण्यालाच शांत करण्यात जातात, नळीतल्या थरापर्यंत पोचत नाहीत. म्हणून या फेरीला कार्पोरेशनचं नदीचं पाणी घ्या. २०० लिटरला अर्धा किलो सायट्रिक ॲसिड, बादलीत विरघळवून. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते हेच, पण एवढं हवं तर केमिकलच्या दुकानातून किलोवर घ्या, स्वस्त पडतं.

या फेरीला पाणी कोमट, गरम नको. सगळं गरम पाण्यात चांगलं विरघळतं अशी आपली समजूत असते, पण कॅल्शियम सायट्रेट उलटं वागतं, पाणी तापलं की जास्त खाली बसतं आणि दुधाळ गाळ धरतो. मोटर १५ मिनिटं, मग अर्धा तास बंद, मग पाच मिनिटं, आणि लगेच सोडा. रात्रभर भिजत ठेवू नका.

चौथी फेरी पुन्हा साधं पाणी. हिला कंटाळून फाटा देऊ नका, पुढची फेरी ब्लीचची आहे.

पाचवी, ब्लीच. थंड किंवा कोमट पाणी, गरम पाण्यात ब्लीच लवकर फुकट जातं. ५ टक्क्यांचं लिक्विड ब्लीच १२० मिली २०० लिटरला टाकलं तर साधारण ३० पीपीएम (लिटरला ३० मिलिग्रॅम) क्लोरीन मिळतो, तो पुरतो. आपल्याकडच्या बाटल्या बऱ्याचदा ४ टक्क्यांच्या असतात आणि उन्हाळ्यात दुकानात पडून आणखी उतरलेल्या, म्हणून मी १५० मिली सांगेन. दहा मिनिटं फिरवा, सोडा, आणि शेवटी थंड पाण्याची एक फेरी.

टीसीएल: ताजी असेल तर तिच्यात तिसरा हिस्सा क्लोरीन असतो, हिशोबाने १८-२० ग्रॅम पुरेल. पण तिच्यातला चुना विरघळत नाही, तो जेटच्या भोकात जाऊन बसतो. अगदीच वापरायची वेळ आली तर ग्रामपंचायतीचा माणूस करतो तसं बादलीत कालवून झाकून ठेवा, वरची निवळी तेवढी घ्या, खालचा चोथा टबात जाऊ देऊ नका.

पंपवाला_मिरज:
केमिस्ट साहेबांच्या क्रमात एकच भर. ब्लीचच्या फेरीत मोटर बंद केल्यावर हवेचे नॉब उघडा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. टब भरलेला असताना मोटर थांबली की पाणी हवेच्या नळीत टबाच्या पातळीपर्यंत चढतं. सगळे पाण्याच्या नळ्या धुतात, हवेची नळी कोणाच्या लक्षातच राहत नाही, आणि नेमका कुबट वास तिथून येतो. दहा मिनिटांनी नॉब उघडे ठेवूनच मोटर दोन मिनिटं चालवा, जे काही आत आहे ते बाहेर फेकलं जाईल. काही टबांत हवेच्या नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, तिथे पाणी चढणार नाही, मग नॉबची टोपी काढून आतून बाटली घासायच्या ब्रशने पुसा.

जेट काढायची रीत. आधी भिंतीवरचा एमसीबी खाली पाडा, नुसतं टबावरचं बटण बंद करून चालत नाही. टबाच्या तळाच्या भोकावर फडकं टाका, नाहीतर स्क्रू थेट ट्रॅपमध्ये. जेटची पुढची रिंग डावीकडे फिरवली की निघते. अडकलेल्या दोन जेटना पक्कड लावू नका, क्रोमच्या खाली प्लास्टिक आहे, दाते पडतील. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं रिंगेला गुंडाळून तासभर ठेवा, मग रबरी हातमोजा घालून फिरवा. निघालेले जेट कोणत्या भोकातले ते खडूने लिहून ठेवा आणि प्लास्टिकच्या डब्यात व्हिनेगर घालून तासभर बुडवा. जुन्या टूथब्रशने घासा. तारेची घासणी किंवा हाताने भांडी घासायची खरखरीत पावडर ॲक्रिलिकला आणि क्रोमला दोन्हीला ओरखडे पाडते. थिनरने डाग पुसू नका, ॲक्रिलिकला बारीक तडे जातात.

ओ-रिंगला व्हॅसलिन नको. पेट्रोलियम जेली लागली की टबात वापरतात त्या प्रकारचं बरंचसं रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीसचा नखाएवढा ठिपका पुरतो.

मग सक्शनची जाळी. दोन किंवा चार स्क्रू. आत केसांचा गोळा हमखास. जेटचा जोर कमी झाला असेल तर नव्वद टक्के वेळा दोष मोटरचा नसून इथला. आणि जाळी काढून ठेवून मोटर चालवायची नाही, दोन मिनिटांपुरतीही नाही. सक्शन केस ओढून घेतं, लांब केसांचं माणूस पाण्यात असेल तर डोकं सोडवता येत नाही. जाळीला तडा गेला असेल तर नवी येईपर्यंत टब बंद.

सगळं परत बसवल्यावर आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून बघा. ३० मिलिॲम्पिअरचा हवा. नसेल तर आधी तो बसवा, साफसफाई नंतर.

पाचगणी_होमस्टे:
वरची कृती नीट आहे, पण ती तुंबलेल्या टबाची. रोजच्या वापराला एवढं लागत नाही. आमच्याकडे पाहुणे गेले की दरवेळी एकच फेरी: साधं पाणी, ६० मिली ब्लीच, पाच मिनिटं, मग सोडून एकदा धुऊन. महिन्यातून एकदा पावडर. सायट्रिक तर वर्षातून दोनदा, पाणी हलकं आहे म्हणून. साताऱ्यात कासचं पाणी येतं त्या भागातल्या लोकांनाही तेवढंच पुरेल. सांगली-मिरजेत बोअरवर असाल तर दर दोन-तीन महिन्यांनी.

एक प्रश्न केमिस्ट साहेबांना: आम्ही क्षार आधी काढतो आणि पावडर नंतर, कारण क्षार फुटला की त्याला धरलेली बुळबुळ आपोआप सुटते. तुम्ही उलटं सांगताय.

पावसाळ्याचंही लिहितो. महाबळेश्वर-पाचगणीत जून ते सप्टेंबर बऱ्याच खोल्या बंद असतात. नळ्यांत थोडं पाणी राहतं, आणि लेजिओनेलासारखे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतात. जेट त्या पाण्याचे तुषार उडवतात आणि ते श्वासातून आत जातात. म्हणून बंद खोलीतला टबही आठवड्याला एकदा भरून ब्लीचने फिरवायचा, नाहीतर हंगामाआधी नळ्या पूर्ण कोरड्या करायच्या. पाणी ओढणारा व्हॅक्युम क्लीनर असेल तर एकेका जेटला लावून ओढून घ्या, बाकीचे जेट ओल्या फडक्याने बंद करून.

कृष्णाकाठचा_केमिस्ट:
@पाचगणी_होमस्टे, तुमच्या हलक्या पाण्यात तसंही चालेल, थर पातळ असतो. सांगलीच्या बोअरवर क्षाराच्या वर तेल आणि साबणाचा मेणचट पापुद्रा असतो. साबण आणि कॅल्शियम मिळून जे चिकट होतं ते आम्लाला लवकर दाद देत नाही. आम्ल वरच्या वर घसरतं आणि अर्धा किलो सायट्रिक गटारात. म्हणून आधी तेल, मग क्षार. पण क्षार काढल्यावर कापडाची चाचणी पुन्हा करा. नवीन बुळबुळ सुटलेली दिसली तर पावडरीची एक जादा फेरी, ती ब्लीचच्या आधी. इथवर तुमचं म्हणणं मान्य.

विश्रामबागकर:
खूप आभार सगळ्यांचे. कापडाची चाचणी केली. बुळबुळीत तपकिरी जास्त, थोडं खरखरीत, रबर नाही. दोन शंका. गरम पाणी सोलरचं घेतलं तर ते बोअरचंच होणार, मग पहिल्या फेरीला चालेल का? २५ लिटरच्या गिझरवर कार्पोरेशनचं तापवलं तर किती वेळ जाईल? आणि दिवाळीला घरात अभ्यंगस्नान टबातच करायचं ठरतंय, त्याने काय फरक पडतो?

कृष्णाकाठचा_केमिस्ट:
सोलरचं चालेल. पहिल्या फेरीत पावडर क्षार सांभाळून घेते, फक्त दोनऐवजी तीन मोठे चमचे करा. दुपारी तीन-चारच्या सुमारास करा, तेव्हा टाकी सगळ्यात तापलेली असते. सकाळी केलं तर रात्रभर निवलेलं पाणी मिळेल.

गिझरचा हिशोब: नळाचं पाणी २५ अंश आणि टबात ४५ हवं, तर २०० लिटरमध्ये ६० अंशांचं पाणी जवळपास ११५ लिटर लागतं. २५ लिटरचा गिझर पाच वेळा. दोन किलोवॉटचा असेल तर एका वेळेला अर्धा तास, म्हणजे अडीच तास, आणि तोवर टबातलं आधीचं निवलेलं. सोलरच बरा. क्षार आणि ब्लीचच्या फेऱ्यांना तसंही गरम लागत नाही, तिथे कार्पोरेशनचं थेट.

पाणी वाया जाण्याचं म्हणाल तर सहा फेऱ्यांचं हजार-बाराशे लिटर होतं. साध्या फेऱ्यांचं अंगण धुवायला चालेल. ब्लीचचं झाडांना घालू नका, आणि सायट्रिकचं शहाबादी किंवा संगमरवरी फरशीवर सोडू नका, पॉलिश जाईल.

पंपवाला_मिरज:
दिवाळीचं: तेल आणि उटणं दोन्ही टबात नको. तेल नळ्यांत जाऊन थंड झालं की भिंतीला धरतं. उटण्यातला नागरमोथा, गव्हला, सालींचा भुगा पाण्यात विरघळत नाही, तो जाळीतून जाऊन जेटच्या मागे ओला पेंड होऊन बसतो. तेल-उटणं बादलीतल्या पाण्याने चांगलं धुऊन मगच टबात उतरा. फेसाचे साबण, बाथ ऑइल, गुलाबाच्या पाकळ्या यांनाही हाच नियम. पाकळ्या तर मोटर बंद असतानाच, फोटोपुरत्या.

आणखी एक बघा. सगळ्या फेऱ्या नीट करूनही महिन्याभरात पुन्हा पापुद्रे आले तर दोष सफाईत नाही, पाईप बसवण्यात आहे. टबाच्या बाजूचं सर्व्हिस पॅनल उघडा. नळ्या जेटकडून मोटरकडे उतरत्या हव्यात, म्हणजे टब रिकामा केला की पाणी आपोआप निघून जातं. दोन क्लॅम्पच्या मधे नरम पाईपला झोळ पडला असेल तर तिथे कायम वाटीभर पाणी राहतं, आणि सगळं तिथूनच सुरू होतं. टॉर्च मागून धरली की पारदर्शक पाईपमध्ये झोळातला काळा पट्टा सरळ दिसतो. तिथे खाली एक क्लॅम्प वाढवायचा, दहा मिनिटांचं काम. पॅनल सिलिकॉनने चिकटवून बंद केलेलं असेल तर कटरने कापून काढा आणि परत बसवताना स्क्रूवर बसवा, मोटर कधी ना कधी बाहेर काढायची आहेच.

पाचगणी_होमस्टे:
झोळाचं बरोबर. शिवाय क्लॅम्प लावण्याआधी टबाखाली लेव्हल ठेवून बघा. पाय खचून टबच मोटरच्या उलट्या बाजूला कलला असेल तर नुसत्या क्लॅम्पने उतार मिळणार नाही, आधी पायाचे बोल्ट फिरवून टब वर घ्यावा लागेल. हे टब रिकामा असतानाच, भरलेल्या टबाचं वजन दोन-अडीचशे किलो होतं.

विश्रामबागकर:
पॅनल उघडलं. मोटरपासून दुसऱ्या आणि तिसऱ्या जेटच्या मधे झोळ आहे, काळा पट्टा स्पष्ट दिसतोय. पाईप दीड इंची. क्लॅम्प पीव्हीसीचा घेऊ की जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा)?

पंपवाला_मिरज:
पीव्हीसीचा, रुंद पट्टीचा. जीआयची कड नरम पाईपला मोटरच्या थरथरीने कापते, आणि टबाखाली ओल असल्याने गंजतोही. आधी पावडरीची फेरी करा, मग क्लॅम्प. आत्ताच पाईप उचलला तर झोळातला गाळ सुटून थेट मोटरच्या पंख्यात जाईल.